परवाना गच्चीचा, कार्यक्रम हॉलमध्ये

सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून ३१ डिसेंबरला गच्चीवर गाणी, जेवण आणि ज्यांना हवी त्यांना बिअर, असं सभेत ठरलं. सचिव मी, त्यामुळे परवानग्यांचं लचांड माझ्या गळ्यात. 'दारूचं काम आहे, चपला झिजतील' अशी भीती सगळ्यांनीच घातली.

प्रत्यक्षात राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना बिनबोभाट मिळाला. अर्ज, जागेचा नकाशा, शुल्क, झालं. वेळ खाल्ला तो पिणाऱ्यांच्या परमिटांनी. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे पिणाऱ्यालाही परमिट लागतं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं परमिट ५ रुपयांचं, पण त्यावर नाव लिहायचं म्हटल्यावर निम्मे काका मागे सरले. "सोसायटीच्या दप्तरात माझं नाव राहणार का?" हा प्रश्न मी किमान सहा वेळा ऐकला. बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ वय पूर्ण लागतं, हे कळल्यावर बाविशीतली पोरं हिरमुसली.

मग स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात गेलो. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद असतो, पण वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते आणि त्या यादीत आमचा दिवस होता. मी निर्धास्त. हवालदारसाहेबांनी अर्ज बाजूला सारला आणि विचारलं, "मागच्या गल्लीत प्रसूतिगृह आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन हजर. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. कचराकुंडी ओलांडून, रिक्षाखालून टेप ओढत आम्ही प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत गेलो. ८६ मीटर. शांतता क्षेत्र १०० मीटरचं! त्याची पाटी फाटकावरच होती आणि मी तिच्यासमोरून रोज जातो. "१४ मीटर कमी पडले हो," ते म्हणाले. इमारत काही सरकवता येत नव्हती. तळमजल्यावरच्या बंद हॉलमध्ये, माइक न लावता बसा, हा मार्ग त्यांनीच सुचवला.

पण परवाना गच्चीचा! जागा बदलली म्हणून नवा नकाशा, नवा अर्ज, पुन्हा शुल्क. आधी पोलीस ठाण्यात गेलो असतो तर एकदाच पैसे गेले असते. खजिनदारांनी तो खर्च हिशेबात 'इतर' मध्ये टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री खिडक्या लावून पेटी-तबल्यावर गाणी झाली. शेवटच्या रांगेतल्यांना ऐकू येईना, तेव्हा त्यांनी खुर्च्या उचलून गायिकेभोवती कोंडाळं केलं. पावणेअकराला तेच हवालदार आले, दारात उभं राहून एक अख्खं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता परमिटं दाखवा."