पेन्सिलीतली नोंद

चोपडी अख्खी पेनाने लिहिलेली. जमा निळ्या शाईत, खर्च लाल. प्रत्येक पावती डाव्या कोपऱ्यात टाचणीने लावलेली आणि टाचणीचं टोक पुन्हा कागदात खुपसलेलं, पान उलटताना बोटाला लागू नये म्हणून. 17 वर्षं रहिवासी गटांची दप्तरं तपासतेय, टोकाची एवढी काळजी घेणारा खजिनदार दुसरा पाहिला नाही. आणि त्याच चोपडीत एक ओळ पेन्सिलीने: 'छत दुरुस्ती. खेळाच्या पैशातून. परत घालायचे.'

नोंदणी नसलेल्या गटाला देणगीदार थेट पैसे देत नाही. ते पैसे आमच्यासारख्या निधीधारक संस्थेकडे येतात. खर्च कशावर करायचा हे रहिवासी ठरवतात, आम्ही हप्ते त्यांच्या संयुक्त खात्यात सोडतो आणि सहा महिन्यांनी हिशेब बघतो. लोकांना वाटतं, आम्ही चोर पकडतो. चोर क्वचितच भेटतात. आमचा बहुतेक वेळ जातो तो इतिवृत्तात एक वाक्य लिहून घेण्यात: 'या विषयाच्या वेळी अमुक सदस्य बाहेर गेले.' म्हणजे ज्याच्या नात्यातल्या माणसाला काम मिळणार, तो निर्णयात नव्हता. ते वाक्य लिहायचा लोकांना भयंकर संकोच. आपल्याच माणसाला बाहेर जा कसं म्हणायचं?

बँकेच्या खात्याला पैसा कोणाचा ते कळत नाही, ही खरी मेख. पासबुकात एकच शिल्लक दिसते. प्रत्यक्षात तिच्यात तीन ढीग असतात: खेळाच्या जागेसाठी राखीव, सभागृहाच्या देखभालीसाठी राखीव आणि उरलेला मोकळा. राखीव रकमेला देणगीदाराच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, चार दिवसांची उसनवारी म्हणूनसुद्धा नाही. प्रशिक्षणात मी यासाठी तीन पाकिटं वापरते. सगळे माना डोलावतात. मग पावसाळा येतो.

इथे छत गळायला लागलं ते अभ्यासिकेच्या वर. देखभालीचा हप्ता आलेला नव्हता, मोकळ्या पैशात खडखडाट होता आणि खेळाच्या ढिगातली रक्कम झोके बसवणाऱ्याची तारीख मिळेपर्यंत नुसती पडून होती. खजिनदार ताईंनी (वस्तीत सगळे त्यांना ताईच म्हणतात) तिसऱ्या दिवशी धनादेश फाडला. त्यावर अध्यक्षांची सही होती, कारण अध्यक्ष दर महिन्याच्या सुरुवातीला पाच-सहा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून मोकळे होत. दोन सह्यांचा नियम का असतो, हे त्यांना मी दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "आमच्यात विश्वास आहे हो."

काम केलं ते एका सदस्याच्या मेहुण्याने. दरपत्रक एकच. काम चोख होतं, मी छतावर चढून पाहिलं. दरही वाजवी, मी दोन ठिकाणी विचारून खात्री केली. खरं सांगायचं तर एरवी ज्या फायलींत तीन-तीन दरपत्रकं असतात, त्यांतली निम्मी ज्याला काम मिळतं त्याच ठेकेदाराने इतर दोघांकडून गोळा करून आणलेली असतात. त्या फायली तपासणीत पास होतात.

संध्याकाळच्या बैठकीत अकरापैकी नऊ जण होते. मी नोंद वाचून दाखवली. एक तरुण सदस्य पोलिसांत जायच्या गोष्टी करू लागला. गेल्या चार बैठकांच्या हजेरीपटात त्याची सही नव्हती. मेहुण्यावाले सदस्य छताकडे बघत बसले. अध्यक्ष मात्र लगेच कामाला लागले. "ठराव मागच्या तारखेचा घालू. तातडीची सभा झाली, सर्वानुमते उसनवारी मंजूर झाली. वहीत एक पान कोरं आहेच." चार-पाच माना हलल्याही. माझ्याकडे कोणी बघेना.

ताई म्हणाल्या, "सभा झालेली नाही. मी झाली असं लिहिणार नाही." पर्समधून पेन काढलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून तीच ओळ गिरवली. शाई लाल, खर्चाची. खाली आजची तारीख, सही. मग चोपडी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पेन्सिलीत लिहिलं होतं, कारण हप्ता आला की खोडायचं होतं. हप्ता का आला नाही, ते तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं, पण लक्षात नव्हतं. फायलीत माझाच मेल छापून लावलेला होता. त्यांचा सहामाही अहवाल मी परत पाठवला होता, एका बैठकीचा हजेरीपट जोडला नव्हता म्हणून. अहवाल 17 दिवस इकडून तिकडे फिरला. छत त्याच 17 दिवसांत गळलं. परत पाठवणं नियमाला धरून होतं. फोन करून "हप्ता सोडते, पट नंतर द्या" असं म्हणायचा अधिकारही मला होता, तो मी वापरला नाही.

देणगीदाराला मी सगळं कळवलं, छताचे फोटो जोडले, उशीर आमच्याकडून झाला हेही लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: रक्कम 30 दिवसांत खेळाच्या निधीत परत भरा, तोवर पुढचे हप्ते स्थगित. करारात तेवढी एकच पायरी आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते कुरणं, जंगलं, मासेमारी, पाटाचं पाणी लोक आपसांत कसं सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. वर्षानुवर्षं टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना एक समान गोष्ट दिसली: पहिल्या चुकीला शिक्षा हलकी, पुढे चढत जाणारी. आमच्या करारांत चोराला आणि ताईंना एकच कलम लागू होतं.

इंग्लंडमध्ये 'बिग लोकल' नावाच्या कार्यक्रमात 150 वस्त्यांना प्रत्येकी किमान 10 लाख पौंड दिले गेले. निर्णय घेणाऱ्या गटात किमान 8 माणसं आणि त्यांत रहिवाशांचं बहुमत ही अट. पैसे सांभाळायला तिथेही बहुधा वेगळीच संस्था. मला हेवा वाटतो तो रकमेचा नाही, मुदतीचा. दहा-पंधरा वर्षं! वर्षअखेरीला 'नाहीतर निधी परत जाईल' म्हणून घाईने खुर्च्या विकत घ्यायची वेळ तिथे गटांवर आली नसावी.

ताईंनी पुढच्याच बैठकीत राजीनामा दिला. मी "राहा" म्हटलं नाही. तपासणाऱ्याने तसं म्हणायचं नसतं, असं तेव्हा वाटलं होतं. अडकलेला देखभालीचा हप्ता सुटल्यावर त्यातून रक्कम परत भरली गेली, झोके तीन महिने उशिरा बसले.

नवे खजिनदार म्हणजे तोच पोलिसांत जाऊ म्हणणारा तरुण. सगळं संगणकावर, तीन ढिगांना तीन रंग, कोरा धनादेश एकही नाही. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्याने फाईल उघडून अभिमानाने दाखवली. सहा महिन्यांत खर्च जवळजवळ शून्य. अभ्यासिकेच्या दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिकची बादली ठेवलेली होती, तिच्यात दर काही सेकंदांनी थेंब पडत होता. मी तिकडे बघितलं, तर तो म्हणाला, "दोन दरपत्रकं आली आहेत, मॅडम. तिसरं आलं की लगेच बैठक लावतो."

मी तपासणीच्या कागदावर 'त्रुटी आढळली नाही' असं लिहिलं आणि सही केली.