तुम्ही विचारलंत म्हणून : स्मिदर्स आणि ते पत्र

एकोणिसाव्या शतकाअखेरचा इंग्रज चित्रकार ऑब्री बिअर्ड्‌स्ली याच्या चित्रांवर मी कुठेही बोललो, की शेवटी एकच प्रश्न येतो : मरणाऱ्या माणसाचा शब्द न पाळणाऱ्या त्याच्या प्रकाशकाची, लेनर्ड स्मिदर्सची बाजू तुम्ही का घेता? एकदा लिहूनच टाकतो.

एप्रिल १८९५मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला समलैंगिक संबंधांवरून अटक झाली. त्याच्या ‘सॅलोमी’ची चित्रे बिअर्ड्‌स्लीने काढलेली असल्याने दोघांची नावे जोडली गेली होती; म्हणून ज्या ‘द यलो बुक’ या त्रैमासिकामध्ये वाइल्डची एक ओळही छापलेली नव्हती, त्याच्या कलासंपादकपदावरून बिअर्ड्‌स्लीला काढण्यात आले. क्षयाने ग्रासलेल्या या बावीस वर्षांच्या चित्रकाराला पुढे काम दिले ते स्मिदर्सने. चोरून अश्लील पुस्तके विकणे हा त्याचा धंदा होता, हे मी कधी लपवलेले नाही. पण १८९६च्या एका वर्षात ‘द सॅव्हॉय’चे आठ अंक काढून, त्यांत या चित्रकाराला मोकळे रान देणाराही तोच होता. त्याच वर्षी त्याने ‘लायसिस्ट्राटा’ या प्राचीन ग्रीक सुखात्मिकेवरची बिअर्ड्‌स्लीची आठ उघडीवाघडी चित्रे खासगीरीत्या १०० प्रतींत छापली.

आता ते पत्र. कॅथलिक झालेल्या बिअर्ड्‌स्लीने ७ मार्च १८९८ रोजी फ्रान्समधल्या मांतोंहून स्मिदर्सला लिहिले, की ‘लायसिस्ट्राटा’च्या सर्व प्रती आणि अश्लील चित्रे नष्ट करा, आणि सहीपाशी आपण मरणयातनेत आहोत, असेही लिहिले. नऊ दिवसांनी तो गेला. स्मिदर्सने काहीही नष्ट केले नाही.

जुन्या एका लेखात मी त्याला गिधाड म्हटले होते. पुढे वाटू लागले, की नरकाच्या भीतीने लिहिलेल्या चार ओळींवर चित्रे जाळायची नसतात. पण आजारी माणसाला स्वतःचे मन कळत नाही, हे ठरवणारा मी कोण? शिवाय स्मिदर्सने पुढे बिअर्ड्‌स्लीच्या नावावर नकली चित्रेही विकली. तेव्हा कलेवरच्या प्रेमापोटी त्याने ती राखली, असे म्हणण्याची सोय मला उरत नाही.

एका महाविद्यालयातल्या व्याख्यानाआधी आयोजकांनी ‘लायसिस्ट्राटा’ची चित्रे वगळायला सांगितले आणि मी मुकाट्याने वगळली. पत्र मात्र सावकाश, आवाज खाली आणून वाचले. सभागृह हळहळले. ज्यात म्हातारा तरण्या दूताची उघड्यावर तपासणी करतो, मागे नुसता कोरा कागद आहे आणि त्या निर्लज्ज देहाभोवतीची रेघ कुठेही थरथरत नाही, ते चित्र कोणी पाहिलेच नव्हते. स्मिदर्सचा निकाल मीच लावून दिला होता. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “पण सर, ती चित्रं दिसतात तरी कशी?”

पुढच्या वेळी दाखवतो, असे मी म्हणालो. तिथे मला पुन्हा बोलावणे आलेले नाही.