मोकळा सोडलेला रकाना

गुलमर्गला जायचे असेल तर मंगळवारी पोहोचावे आणि शुक्रवारी निघावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. शनिवार-रविवारी श्रीनगरची मंडळी बर्फ पाहायला वर चढतात, गोंडोलाची, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या डब्यांची, रांग लांबत जाते, हॉटेलांचे दर वाढतात आणि मुख्य म्हणजे चांगला स्की प्रशिक्षक दोन तासांसाठीही मोकळा सापडत नाही. आठवड्याच्या मध्याला तेच गुलमर्ग शांत असते. डोंबिवलीत बसून काश्मीरच्या हिवाळी सहली आखण्याचा माझा व्यवसाय या एवढ्याशा माहितीवर बराच चालला आहे. ज्या प्रसंगाबद्दल मी लिहितो आहे, त्या वेळीही मी हाच सल्ला दिला होता आणि तो योग्यच ठरला. माझी चूक दुसरीकडेच झाली.

जोडपे पुण्याचे होते. गृहस्थ चोपन्न वर्षांचे, सहकारी बँकेतून नुकतेच स्वेच्छानिवृत्त झालेले. बाई पन्नाशीच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत होती आणि दहावीची परीक्षा तोंडावर असल्यामुळे बाईंना मोठ्या मिनतवारीने चार दिवसांची रजा मिळाली होती. एरवी मी गटाबरोबर जातो. जोडप्यांसाठी स्थानिक माणूस नेमतो. त्या आठवड्यात मात्र पुढच्या गटाच्या खोल्या पाहण्यासाठी मला तसेही वर जायचे होते, म्हणून मी त्यांच्या सोबत राहिलो.

मंगळवारी दुपारी श्रीनगरला उतरून आम्ही टंगमर्गला पोहोचलो, तेव्हा चिल्लई कलांचे, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस संपून त्यानंतरचे जरा सौम्य चिल्लई खुर्द चालू होते आणि आदल्या रात्री हातभर बर्फ पडले होते. टंगमर्गपासून वरचे तेरा किलोमीटर साध्या गाडीने जाता येत नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यायची आणि चाकांना लोखंडी साखळ्या बांधायच्या. त्या साखळ्यांचा खळखळाट ऐकून बाई म्हणाल्या, "आमच्या आजोळी बैलगाडीला घुंगरं असायची, तसं वाटतंय." गृहस्थ मात्र गाडीच्या काचेतून अफरवतचे शिखर शोधत होते. गोंडोलाचा दुसरा टप्पा त्या डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि तिथून खाली स्कीवर उतरण्याची चित्रे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. तो उतार निष्णातांचा आहे, तिथे दरवर्षी हिमस्खलनाचा धोका असतो आणि नवख्याने त्या वाटेला जायचेच नसते, हे मी त्यांना पुण्यातच स्पष्ट सांगितले होते. "बघायला तरी नेशील ना?" एवढेच ते म्हणाले होते.

बुधवारी सकाळी वारा इतका होता की दुसरा टप्पा सुरूच झाला नाही. आम्ही साहित्य भाड्याने घ्यायला गेलो. गुलमर्गमध्ये कित्येक दुकानांत ग्राहकाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून स्कीची बुटावरची पकड ठरवणारा स्क्रू फिरवला जातो. या दुकानात निदान फॉर्म भरून घेत असत, म्हणूनच मी ते निवडले होते. फॉर्मवर वजन, उंची, वय आणि अनुभव असे चार रकाने होते. बाईंनी स्वतःचा फॉर्म स्वतः भरला, वजन साठ किलो लिहिले, वय पन्नास लिहिले आणि "नवशिका" या शब्दापुढे खूण केली. गृहस्थ तोवर बुटात पाय कोंबत होते. स्कीचा बूट पहिल्यांदा घालणे म्हणजे पाय सिमेंटच्या नळीत घालण्यासारखे असते, त्यामुळे त्यांनी मला सांगितले, "तूच भर रे माझा. शहात्तर किलो, पाच फूट सात. आणि मी औलीला केलंय हं स्कीइंग."

औलीला केले होते ते वीस वर्षांपूर्वी, दोन दिवस, हे मला ठाऊक होते. तरीही मी "मध्यम" या शब्दापुढे खूण केली. वयाचा रकाना भरणार तोच फोन वाजला, कारण पहिल्या टप्प्याच्या ऑनलाइन काढलेल्या तिकिटांवर नावांचा काही घोळ झाला होता. मी बोलत बोलत फॉर्म दुकानातल्या मुलाच्या हाती दिला. त्याने वयाचे विचारले नाही आणि माझ्याही लक्षात राहिले नाही.

स्कीवर बूट जिथे अडकवतात त्या भागाला बाइंडिंग म्हणतात. पुढे एक खोबण असते, मागे एक खटका असतो आणि दोन्हींवर लहानशा खिडकीत एक आकडा दिसतो. माणूस पडला आणि पायावर ठराविक ताण आला की बूट सुटून स्की बाजूला व्हावी, अशी ती योजना आहे. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. सराईत माणूस वेगाने वळणे घेतो, त्याची स्की मध्येच सुटली तर तो उलट जास्त जोरात आपटतो, म्हणून त्याला मोठा आकडा देतात; नवशिक्याला आणि पन्नाशी गाठलेल्याला कमी.

उतारावर पोहोचल्यावर बाई खाली वाकल्या आणि त्यांनी दोघांच्या खिडक्यांत पाहिले. "यांचा सहा आणि माझा साडेतीन," त्या म्हणाल्या, "एवढा फरक वजनानेच पडतो का?"

"हो मॅडम, वजनावरच असतं ते," मी म्हणालो. असे अर्धवट उत्तर मी त्याआधीही अनेकांना दिले असेल.

सकाळचे दोन तास सोप्या उतारावर गेले. प्रशिक्षक काश्मिरी तरुण होता, कमी बोलणारा. स्कींची टोके जवळ आणि टाचा लांब ठेवून, नांगरासारखा आकार करून वेग कसा रोखायचा, हे त्याने दाखवले. बाई प्रत्येक वेळी खाली येऊन मागे वळून पाहत आणि बर्फात आपल्या दोन रेघा किती सारख्या उमटल्या आहेत हे तपासत. गृहस्थांना तो नांगर पोरकट वाटत होता. दुपारी त्यांना कोंगदूरी हवे झाले. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथे, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली. बुधवार असल्यामुळे रांग नव्हती. दहा-बारा मिनिटांत आम्ही वर होतो.

अडीचच्या सुमारास ते पडले. वेग इतका कमी होता की एरवी कोणी हसले असते. उतार जवळजवळ संपला होता, पाय थकले होते आणि उन्हाने वरचा थर ओला होऊन जड झाला होता. उजव्या स्कीची आतली कड त्या जड बर्फात रुतली, शरीर डावीकडे वळत राहिले आणि गुडघा मध्ये सापडला. ते सावकाश, खुर्चीत बसावे तसे खाली बसले. मी धावत पोहोचलो तेव्हा पहिल्यांदा माझ्या नजरेस पडली ती उजवी स्की. ती बुटाला जशीच्या तशी अडकलेली होती, टोक वर आणि शेपूट बर्फात. "आत टक् झालं काहीतरी," ते म्हणाले. प्रशिक्षकाने एका हाताने त्यांची पोटरी धरली आणि दुसऱ्या हाताने काठीचे टोक मागच्या खटक्यावर दाबले, तेव्हा कुठे ती सुटली. त्याने खिडकीतल्या आकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही.

पुढचे सगळे मात्र अपेक्षेपेक्षा सुरळीत झाले. गस्तीची माणसे स्ट्रेचरची घसरगाडी घेऊन आली, पाय फळीला बांधला, दोन कांबळी घातली आणि गोंडोलाच्या सहा जणांच्या डब्यात त्यांना तिरके बसवून आम्ही खाली आणले. रविवार असता तर हेच करायला किती वेळ लागला असता, याची मला कल्पना आहे. टंगमर्गच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण चित्र निघाले, हाड मोडलेले नव्हते. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत लांब पट्टा बांधून दिला आणि पाय उंच ठेवायला सांगितले. हॉटेलात चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर नेले. मी आधीच सांगून ठेवलेला केक रात्री आठ वाजता खोलीत आला, तेव्हा तो परत पाठवावा की काय अशा पेचात मी दारात उभा होतो. बाईंनीच तो आत घेतला. गृहस्थांच्या पायावर बर्फाची पिशवी होती, पोटाशी फिरनच्या, म्हणजे काश्मिरी लोकरी झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, होती आणि कहव्याचा पेला त्यांना धड धरता येत नव्हता. "अहो, हसू नका, पाय हलतोय," असे बाई त्यांना दोनदा म्हणाल्या.

नंतर पुण्यात एमआरआय झाला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता, मधला मोठा शाबूत होता. सहा आठवडे पट्टा आणि मग व्यायाम एवढ्यावर भागले. मी तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांना तो आकड्याचा प्रश्न विचारला. ते म्हणाले की बाइंडिंग मुख्यतः नडगीचे हाड वाचवण्यासाठी असते, गुडघ्याच्या अशा सावकाश पिळाला ते नेहमी सुटतेच असे नाही, त्यामुळे आकडा कमी असता तर गुडघा वाचला असता असे खात्रीने सांगता येणार नाही. खरे सांगायचे तर हे ऐकून मला हायसे वाटले आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

पण ते नंतरचे. गुरुवारी सकाळी गृहस्थांनीच बाईंना उतारावर पिटाळले. "रजा वाया घालवू नकोस, मी खिडकीतून बघतो," असे ते म्हणाले. त्या तासभर सोप्या उतारावर सरकल्या आणि मग माझ्याबरोबर साहित्य परत करायला दुकानात आल्या. तिथे त्यांनी त्या मुलाला विचारले, "हा आकडा कशावरून ठरवता? तक्ता दाखवा." त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकमध्ये बंद केलेला तक्ता काढला. बाईंनी चष्मा लावला. शहात्तर किलोच्या ओळीवर बोट ठेवले. "मध्यम" असेल तर एक ओळ खाली, पन्नास किंवा त्याहून अधिक वय असेल तर एक ओळ वर, अशी टीप तळाशी होती. त्यांनी नवऱ्याचा बूट उलटा करून बाजूला कोरलेली तळव्याची लांबी वाचली, ३१६ मिलिमीटर, आणि त्या उभ्या रकान्यात बोट सरकवत आणले.

"नवशिका आणि चोपन्न वय धरलं तर चार येतो," त्या म्हणाल्या. "सहा कसा आला?"

मुलाने कालचा फॉर्म काढला. अक्षर माझे होते. बाईंनी ते वाचले, वयाच्या मोकळ्या रकान्यावर क्षणभर थांबल्या आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी फोनचे कारण सांगितले नाही. "ती खूण मी केली आणि वय लिहायचं राहिलं," एवढेच म्हणालो.

"औलीचं यांनीच सांगितलं असणार," त्या म्हणाल्या. त्यात क्षमा होती की शिक्षिकेची नोंद, हे मला आजही ठरवता येत नाही. संध्याकाळी मी गृहस्थांपुढे हे सगळे पुन्हा बोललो, तेव्हा ते बराच वेळ बाहेरच्या उताराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "औलीला मी दोन दिवसांत अकरा वेळा पडलो होतो. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

दुकानातून निघताना बाईंनी पर्समधून छोटी वही काढून तक्त्यातली ती ओळ, दोन्ही टिपा आणि ३१६ हा आकडा उतरवून घेतला. कशासाठी, असे मी विचारले.

"यांचा पाय बरा झाला की लागेल," असे म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावले.