गॅस संपत नसतो, भाऊ

एप्रिल सरता सरता भुसावळात पारा ४५ च्या घरात जातो आणि माझा फोन वाजायचा थांबत नाही. सगळ्यांचं एकच: "भाऊ, एसीचा गॅस संपला, भरून द्या." अहो, ते काय स्वयंपाकाचं सिलिंडर आहे? बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती. ती आधी शोधायची, सांधायची, पंपाने नळ्यांतली हवा-ओल ओढून व्हॅक्यूम करायचं, मगच भरायचा.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. बाहेरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो. कॅपिलरीच्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून सुटताच दाब पडतो आणि आतल्या कॉइलमध्ये उकळत तो खोलीची उष्णता ओढून घेतो. आर-३२ हा एसीतला गॅस तर साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशालाच उकळतो! पण बाहेर ४५ असेल तर कंडेन्सरमधला गॅस त्याहून बराच गरम हवा, नाहीतर उष्णता जाणार कुठे? म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याखाली कोंबलेलं आउटडोअर युनिट दिसलं की माझंच डोकं तापतं.

सावद्याकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, चक्र हेच. तिथे मात्र थंडी जास्त झाली तरी पंचाईत: १३ अंशांच्या खाली केळीची साल काळवंडते.