‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’ नीट लिहायला शिकले तो अनुभव

इंग्रजीत प्रवासवर्णन लिहायला घेतलेलं आणि ट्रेनमधली गर्दी सांगायला मला ‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’च हवं होतं, कारण नुसतं ‘व्हेरी क्राउडेड’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काही उभंच राहत नाही. ऐकलेलं शंभरदा असतं हो, पण लिहायला बसलं की प्रश्न पडतो, सुरुवात ट्रेनपासून करायची की माणसांपासून?

मग म्हटलं आधी मूळ चित्र बघू. सार्डिन म्हणजे छोटे मासे, चपट्या डब्यात एकाला एक चिकटवून, बरेचदा एकाचं डोकं इकडे तर शेजारच्याचं तिकडे असे तेलात बसवलेले, मध्ये फट म्हणून नाही. म्हणजे मासे ही माणसं आणि डबा ही ट्रेन. एवढं लक्षात आलं आणि वाक्य सरळ झालं, ‘वी वेअर पॅक्ड लाइक सार्डिन्स ऑन द ट्रेन’. ‘द ट्रेन वॉज पॅक्ड लाइक सार्डिन्स’ असं भरपूर जण लिहितात, बोलताना खपूनही जातं, पण त्यात डब्यालाच मासा केलंय आणि लिखाणात ते मला तरी खटकतं. ट्रेनपासूनच सुरू करायचं तर ‘द ट्रेन वॉज पॅक्ड’ किंवा ‘जॅम-पॅक्ड’ लिहा, तिथेच थांबा. आणि हो, ‘सार्डिन्स’ अनेकवचनीच, एकटा मासा कुठे दाटीवाटीने बसणार! पुढे डबा जोडायचा असेल तर ब्रिटिश लोक ‘इन अ टिन’ म्हणतात, अमेरिकन ‘इन अ कॅन’, दोन्ही बरोबर.

मग बाकीचे पर्याय पण तपासले. ‘पॅक्ड टू द राफ्टर्स’ मधले राफ्टर्स म्हणजे छपराचे वासे, त्यामुळे ते हॉलला शोभतं, उघड्या मैदानाला नाही. ‘स्टँडिंग रूम ओन्ली’ म्हणजे बसायच्या जागा संपल्या, उभं राहायला मिळेल, म्हणून जिथे बसायची सोय असते तिथेच ते वापरलेलं बरं.

त्याच प्रवासाबद्दल तक्रारीचा ईमेलही लिहायचा होता, त्यात मात्र सार्डिन्स नकोतच असं ठरवलं, कारण वाक्प्रचार बोलीतला आहे. तिथे सरळ ‘द कोच वॉज सिव्हिअरली ओव्हरक्राउडेड’ लिहिलं आणि पुढे दारापर्यंत पोचता न आल्यामुळे काही जणांचं स्टेशन चुकलं तेही लिहिलं.