म्हस उठंना, कासवाची पाठ मऊ

"डॉक्टर, म्हस उठंना झालीया," असा पहाटे फोन आला की माझा पहिला प्रश्न, "मामा, व्याली कधी?" काल-परवा व्याली असली तर निम्मं निदान फोनवरच होतं. गोठ्यात गेल्यावर कानाला हात लावायचा. गारगार. मान कुशीवर टाकलेली, नाकपुडी सुकलेली, शेण अडकलेलं. हा मिल्क फिव्हर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरणं. ताप मात्र नसतो, उलट अंग थंड पडतं, म्हणून आधीच कुणी तापाचं इंजेक्शन ठोकून गेलं असेल तर माझं डोकं फिरतं.

चीक आणि दूध तयार व्हायला लागलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं जातं. त्यात आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात नुसतं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे! वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, आतड्यातून अंगी लागू देत नाही. महिनोन् महिने असं चाललं की हाडांतला साठाही उतरतो.

कॅल्शियमची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून अगदी सावकाश सोडायची, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून. घाई केली तर हृदय बंद पडतं. निम्मी बाटली गेली की कुशीची कातडी थरथरते, म्हस ढेकर देते, नाकपुडीवर दवाचे थेंब येतात. मग शेण टाकते आणि बऱ्याचदा थोड्या वेळात स्वतःच उभी राहते. मालक माझ्याकडं देवासारखं बघतात; बिलाची वेळ आली की तो देव जरा लहान होतो. पडलेल्या म्हशीला तोंडानं काही पाजू नका, फुप्फुसात जातं. पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवा. पुढचे एक-दोन दिवस कास पूर्ण पिळू नका.

आणि व्यायच्या आधी दोन-तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं थांबवा. आयतं मिळत गेलं की हाडांतून कॅल्शियम काढायची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन वेळी हलत नाही. बाटली व्याल्यावर. वाडं सोडा म्हणत नाही, पण सोबत मका, कडबा आणि रोज क्षार मिश्रण पाहिजेच.

दवाखान्यात आलं की कधीकधी टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात लाल कानाचं पाण्यातलं कासव असतं. डोळे सुजून मिटलेले, पाठ दाबली तर मऊ. इथंही दुखणं कॅल्शियमचंच, म्हणून पहिला प्रश्न, खायला काय? "नुसतं सुकट घालतो." आणि ऊन? "काचेतून येतं की!" काचेतून उजेड येतो, ड जीवनसत्त्व बनवणारे किरण येत नाहीत, आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. डोळे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं सुजतात. त्याचं इंजेक्शन मोजूनच द्यावं लागतं, जास्त झालं तर कातडी सोलते. रोज थोडा वेळ उघड्यावरचं ऊन, बाजूला सावली, पालेभाजी आणि काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात, कॅल्शियमसाठी. पाठ कडक व्हायला महिने लागतात, तेवढा दम धरा.

कंटाळून रंकाळा तलावात सोडायचा विचार तर करूच नका. हे परदेशी जनावर आहे, आपल्या कासवांच्या तोंडचं खातं. आणि तारा कासव घेऊन येणाऱ्यांना मी सरळ वनखात्याचा रस्ता दाखवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरात ठेवणंच गुन्हा आहे.