सामानातला क्रँकशाफ्ट

डिसेंबरात कोल्हापूरला आलो तेव्हा बॅगेत भाच्यांसाठी चॉकलेटं नव्हती. 23 किलोंतलं निम्मं वजन एका क्रँकशाफ्टने, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याने घेतलं होतं. तेलकट कापडात आणि दोन टॉवेलांत गुंडाळलेला. तो माझा नव्हता, शेजारच्या आजोबांचा होता. त्यांनी तो माझ्या हाती सोपवला, हे मला अजून खरं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी राहतो ते गाव इंग्लंडमधल्या वेलिंगबरोजवळ आहे. वारा इकडचा असला की सांता पॉडचा गडगडाट घरात ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. 1966 पासून त्याच धावपट्टीवर ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यती होतात. आजोबा तरुणपणी तिथे पळवायचे ती मोटारसायकल म्हणजे एका फ्रेममध्ये एकामागे एक बसवलेली ट्रायम्फची दोन 650 सीसी इंजिनं, क्रँकला क्रँक चेनने जोडलेला. होंडाची चार सिलिंडरची 750 यायला 1969 उजाडलं. त्याआधी जास्त ताकद हवी तर दुसरं इंजिन जोडायचं, हा सरळ हिशोब. पुढेही तो चालूच राहिला. इथल्या जॉन हॉब्ज यांच्या 'हॉबिट'ला दोन वेस्लेक इंजिनं होती, अमेरिकेतल्या टी. सी. ख्रिस्टेन्सन यांच्या 'हॉगस्लेअर'ला दोन नॉर्टन. रस कॉलिन्स यांनी तर तीन होंडा इंजिनं जोडली. आजोबांची गाडी एवढी नावाजलेली नाही. ती चाळीस वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

पहिलं इंजिन उघडलं त्या संध्याकाळी मी सहज डोकावलो आणि वासानेच थबकलो. एरंडेल! लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तेच. रेसच्या इंजिनात तेव्हा सर्रास एरंडेल घालायचे. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टरवरून आलेलं. तापलं तरी ते धातूला धरून राहतं, पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की लाखेसारखं घट्ट बसतं. पिस्टन जागचे हलत नव्हते. आजोबांनी बोअरमध्ये तेल सोडलं आणि आठवडाभर तिकडे बघितलंही नाही.

खरं काम पुढे होतं. ट्रायम्फच्या क्रँकमध्ये बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो त्या जागेच्या, पोटात एक नळी असते. क्रँक फिरताना तेलातला गाळ बाहेर फेकला जाऊन त्या नळीत साचतो. नळी भरली की शेलला, म्हणजे तिथल्या बेअरिंगला, तेल मिळत नाही आणि मग रॉडचं काय होतं ते गॅरेजवाल्यांना सांगायला नको. नळीच्या तोंडाशी आट्यांचं बूच असतं, ते सुटू नये म्हणून पंचचा ठोका मारलेला. आजोबांनी तो ठोका ड्रिलने उडवला, क्रँक तापवला, बूच फिरवून पाहिलं. हललं नाही. पुन्हा तापवला. तीन संध्याकाळी गेल्या. बूच निघालं तेव्हा आतला गाळ करपून भांड्याला लागलेल्या काकवीसारखा होता, काळा आणि कडक. खरवडून काढावा लागला.

मग त्यांनी मागचं इंजिनही उघडायला घेतलं. ते तर हाताने फिरत होतं! कशाला उघडता, म्हणून विचारलं. म्हणाले, "त्याची नळी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही."

आमच्या आण्णांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज. त्यांचा नियम उलटा : "बिघडलं न्हाई तवर हात लावायचा न्हाई." इथल्या लोकांना हा निष्काळजीपणा वाटेल, पण तसं नाही. आण्णांच्या दारात सकाळी आलेली बुलेट संध्याकाळी दूध घालायला परत लागायची. चाळीस वर्षं वाट बघणारी गाडी त्यांच्याकडे कधी आलीच नाही. आण्णा इंजिन कानाने बांधतात, आजोबा वहीने. प्रत्येक माप वहीत, तेही थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. इथली तरुण पोरं मिलिमीटरवाली, त्यांना आजोबांची भाषा कळत नाही. मला कळते. मी सूत आणि थाऊ ऐकतच वाढलो, व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने मी शाळेच्या आधी ओळखायला शिकलो. शेडमध्ये आजोबांनी हात पुढे केला आणि मी न विचारता बरोबर पाना ठेवला, तेव्हापासून मी तिथला झालो.

दोन्ही क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, अंडाकृती झाली होती. ग्राइंड करणं भाग होतं. आणि इथे माझं डोकं फिरलं. तासाभराच्या अंतरावरच्या ग्राइंडरने पुढच्या इंजिनचा क्रँक ठेवून घेतला आणि आठ आठवड्यांचा वायदा दिला. आठ आठवडे! ज्या देशाने ही इंजिनं जगाला दिली, तिथे क्रँक ग्राइंड करणारा माणूस शोधायला दोन जिल्हे पालथे घालावे लागतात. उद्यमनगरात सकाळी टाकलेला क्रँक दुपारच्या चहाला परत मिळतो, शेलसकट. हे मी आजोबांना एकदा नाही, चार वेळा सांगितलं.

त्यांचा एक मित्र तिथेच बसला होता. भारतातलं काम नको, म्हणाला. मला लागलं ते. रॉयल एनफील्डचा रेडिचचा कारखाना साठच्या दशकात बंद पडला, बुलेट मद्रासने जगवली. मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना 1983 मध्ये गेला, आणि 2023 पासून ट्रायम्फची 400 आमच्या चाकणला बनते. हे सगळं मी जरा चढ्या आवाजातच बोललो. आजोबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या इंजिनचा क्रँक घेऊन ते माझ्या दारात उभे होते. सोबत एक चिठ्ठी, जर्नलच्या कोपऱ्यातल्या गोलाईचं चित्र काढलेली. ती गोलाई ग्राइंडिंगमध्ये गेली तर क्रँक तिथूनच तुटतो.

चिठ्ठी बघून आण्णा भडकले. "ह्ये मला शिकवालाय व्हय त्यो?" पण ती त्यांनी खिशात घातली. मला बाजूला बसवून दोन तास ग्राइंडिंग मशीनपाशी स्वतः उभे राहिले, दर पासला मशीन थांबवायला लावलं, आणि गोलाईपाशी चाक आलं तेव्हा खिशातली चिठ्ठी बाहेर काढली. लोक मला विचारतात, चालतं गॅरेज सोडून गेलास कशाला? मी त्यांच्यासारखं उभं राहू शकलो नसतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण क्रँक कुणाकडे न्यायचा हे मला कळत होतं, आणि ते कळायला त्याच गॅरेजात वाढावं लागतं.

परत आल्यावर आजोबांनी क्रँक बाकावर ठेवला, चिंधीने पुसला. मायक्रोमीटर लावला. प्रत्येक जर्नल चार ठिकाणी. गोलाईवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग वही उघडून आकडे लिहिले : 1.6138, चारही ठिकाणी तोच. दहा थाऊ अंडरसाइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढ्याने बारीक, हवा तसा. शेवटच्या रकान्यात काम कुठे केलं ते लिहायचं असतं. पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कोल्हापूरचं स्पेलिंग विचारलं.

मी एकेक अक्षर सांगत गेलो.